मास्क लावून टूरच्या मागे: ल्यों ते मेलिझे, सप्टेंबर 2020

शनिवार, 12 सप्टेंबर – ल्यों

टूर द फ्रान्स, फ्रान्सभर टप्प्याटप्प्याने फिरणारी तीन आठवड्यांची सायकल शर्यत, म्हणजे जुलै, हे इथे इतकं ठरलेलं असतं की लोक सुट्ट्या, लग्नं, घराची रंगरंगोटी सगळं त्या तीन आठवड्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवतात. यंदा शर्यत 27 जूनला निघायची होती. कोविडमुळे ती निघाली 29 ऑगस्टला, नीसमधून, आणि आज चौदाव्या टप्प्यात आमच्या ल्योंमध्ये पोचली. मी सुट्टी पुढे सरकवून घेतली होती. बेत असा की उरलेली टूर जमेल तशी गाठत जायची: कधी रेल्वेने, कधी सायकलवरून, आणि शनिवार-रविवारी ताईच्या गाडीतून.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. इथल्याच एका वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करते. मार्चपासून तिचं आयुष्य पीसीआर, पीसीआर आणि पीसीआर, म्हणजे कोविडच्या चाचण्या. तिला सायकलिंगमध्ये काडीचाही रस नाही. ती आली ती, तिच्याच शब्दांत, “एवढा मोठा फिरता बाजार हे लोक सांभाळतात कसा ते बघायला.”

उभं कुठे राहायचं ते तिनेच ठरवलं. क्र्वा-रूसच्या चढावर मला हवी होती ती वळणावरची जागा, जिथे सायकली सगळ्यात हळू होतात. ती जागा सगळ्या ल्योंला हवी होती. ताईने एक नजर टाकली आणि मला दंडाला धरून शंभर पावलं वर नेलं, जिथे गल्ली दोन्ही बाजूंनी उघडी होती आणि मागे भिंत नव्हती. “गर्दी नको असं नाही, कोंडलेली गर्दी नको,” ती म्हणाली. शहरात 1 सप्टेंबरपासून रस्त्यावरही मास्क सक्तीचा आहे, त्यामुळे चेहरे बहुतेक झाकलेले होते. नाकं मात्र तितकी झाकलेली नव्हती.

क्लेरमाँ-फेराँपासून 194 किलोमीटर आल्यावर ते आमच्या समोरून गेले त्याला काही सेकंद लागले. कोण होतं, कोण नव्हतं, काहीच कळलं नाही. सनवेब संघाचा डॅनिश खेळाडू सोरन क्राग आंडरसन शेवटच्या काही किलोमीटरांत सटकून जिंकला, हे फोनवरून समजलं. टूर रस्त्यावरून बघणाऱ्याला टूरबद्दल सगळ्यात कमी माहिती असते, हे जुनंच सत्य.

संध्याकाळी आणखी एक आकडा आला. फ्रान्समध्ये दिवसभरात 10,561 नवे रुग्ण. दहा हजारांवर गेलेला हा पहिलाच दिवस.

त्याच सुमारास पुण्याहून आईचा फोन. भारतात तेव्हा रोज नव्वद हजारांवर रुग्ण सापडत होते, त्यामुळे तिचा सूर आधीच चढा. मी कुठे होतो ते सांगितल्यावर म्हणाली, “माउलींच्या पादुका यंदा एसटीने गेल्या पंढरपूरला. आणि तुमच्या सायकली बऱ्या निघाल्या रे रस्त्याने!”

यावर उत्तर सुचलं नाही, पण बोलणं डोक्यातून जाईना. कारण वारी आणि टूर यांचा घाट खरंच सारखा आहे. तिकीट नाही, दरवाजा नाही, रोज नवं गाव, आणि गावागावात घरातून बाहेर येऊन उभे राहिलेले लोक. वारीच्या बाबतीत सरकारने चालणंच थांबवलं. इथे चालणं चालू ठेवून, चालणारे आणि बघणारे यांच्यामध्ये रेघ मारायचा प्रयत्न चालला होता. ती रेघ नेमकी कुठून जाते, हे मला या आठवड्यात बघायचं होतं.

रविवार, 13 सप्टेंबर – ग्राँ कोलोंबिएच्या पायथ्याशी

आजचा टप्पा ल्योंहून निघून ग्राँ कोलोंबिएच्या माथ्यावर संपणारा, 174.5 किलोमीटरचा. शेवटचा चढ 17.4 किलोमीटर, सरासरी 7.1 टक्के, आणि कुलोझ गावावरच्या कड्याला चिकटलेली ती प्रसिद्ध नागमोडी वळणं. एरवी अशा घाटात लोक दोन-दोन दिवस आधी गाड्या लावून मुक्काम ठोकतात. यंदा एँ जिल्ह्याच्या प्रशासनाने हा डोंगर प्रेक्षकांना बंद केला होता. इतर घाटांमध्ये मोटारगाड्यांना बंदी, पण चालत किंवा सायकलने जाता येत होतं. इथे ती सवलतही नव्हती.

आम्ही गेलो ते कुलोझच्या अलीकडे, खालच्या सपाटीवर. दोन घाट उतरून शर्यत जिथे खोऱ्यात येते, तिथे. आणि आमच्यासारखाच विचार केलेले पुष्कळ लोक तिथे आधीच हजर होते. डोंगर बंद केला म्हणून डोंगरावरचे लोक घरी बसले असं झालं नव्हतं. त्यातले बरेच पायथ्याच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. मोकळ्या कुरणांच्या आठ-दहा किलोमीटरच्या उतारावर विरळ पसरले असते ते लोक गावच्या चौकात खांद्याला खांदा लावून. यात दोष द्यायचा तर आधी आम्हालाच द्यावा लागेल, हे मी ताईला म्हणालो. ती म्हणाली, “मला नको घेऊस त्यात. मी गाडीत बसते.” आणि खरंच जाऊन बसली.

आधी जाहिरातींचा काफिला गेला. यंदा तो छोटा केलेला. तरी लाल-पांढऱ्या चौकड्यांची सॉसेजवाली गाडी होतीच. गाड्यांवरून फेकलेल्या वस्तूंवर मोठी माणसं लहान मुलांसारखी झडप घालतात, ते मास्क लावूनही तसंच चालू होतं. एका आजोबांनी पकडलेलं पाकीट आधी खिशातल्या बाटलीतल्या जेलने पुसलं, मग नातवाच्या हातात दिलं.

शर्यत पुढे गेल्यावर आम्ही सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून उभे. डोळ्यांसमोर खरा डोंगर आणि हातात त्याचंच चित्र. एक वेगळाच प्रकार. पडद्यावर वळणं रिकामी होती. डांबर, कठडा, पोलीस. येलो जर्सीतला, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असलेला, प्रिमोझ रोग्लिच आणि त्याच्याच देशाचा, स्लोव्हेनियाचा, 21 वर्षांचा तादेय पोगाचार शेवटच्या काही मीटरात झुंजले आणि पोगाचार पुढे निघाला. गतविजेता एगान बेर्नाल सात मिनिटांहून अधिक मागे पडला. रिकाम्या डोंगरावर एका विजेत्याची टूर संपली.

माझं मत विचाराल तर, एकच रस्ता असलेला डोंगर बंद करणं ही या सगळ्यातली सर्वांत सोपी गोष्ट. दोन नाकी लावली की झालं. अवघड आहेत ती खालची गावं, जिथे प्रत्येक घराचं दार रस्त्यावर उघडतं.

सोमवार, 14 सप्टेंबर – विश्रांतीचा दिवस

सायकलपटूंना आज सुट्टी, इझेर जिल्ह्यातल्या हॉटेलांमध्ये. सुट्टी म्हणजे दोन-तीन तास हलकी सायकल, मालिश, आणि यंदा नाकात काडी. मीही घरी. ताई कामावर जायच्या आधी चहाला आली आणि मी तिला नियम वाचून दाखवले. तिचे शेरे मिळून मला शर्यत कशी चालवली जाते ते जरा कळलं.

प्रत्येक संघात आठ सायकलपटू. संघ 22, म्हणजे 176 जण नीसमधून निघाले. पण संघ म्हणजे फक्त हे आठ नव्हेत. मेकॅनिक, मालिशवाले, स्वयंपाकी, बस चालवणारे, डॉक्टर, व्यवस्थापक असे सगळे धरून प्रत्येक संघाची मर्यादा 30 माणसांची. निघण्यापूर्वी सहा दिवस आणि तीन दिवस आधी अशा दोन पीसीआर चाचण्या, मग प्रत्येक विश्रांतीच्या दिवशी पुन्हा. प्रत्येक संघाला एक डॉक्टर फक्त कोविडसाठी नेमून द्यावा लागला. रोज सकाळी ताप, खोकला, वास येतो की नाही, याची विचारणा. शर्यतीबरोबर एक फिरती प्रयोगशाळाही गावोगाव हिंडते आहे. हॉटेलात संघासंघांची जेवणं वेगळी.

आयपीएलमुळे आपल्याकडे आता “बायो-बबल” हा शब्द घरोघरी पोचलाय. इथे दोन बबल आहेत: एक प्रत्येक संघाचा, आणि त्या सगळ्या संघांना मिळून पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीच्या जथ्याचा. संघातल्या लोकांनी बाहेरच्यांशी अंतर राखायचं, आणि शर्यतीतल्या बाहेरच्यांनी, म्हणजे पत्रकार, पाहुणे, प्रायोजक, आयोजक यांनी, या आतल्या वर्तुळाला शिवायचं नाही.

खरी चुरस आहे ती एका नियमात. सात दिवसांत एका संघातले दोन जण पॉझिटिव्ह आले की अख्खा संघ घरी. प्रश्न होता: दोन जण म्हणजे कोण? फक्त सायकलपटू की कर्मचारीही? शर्यत सुरू व्हायच्या तोंडावर हा नियम सैल करून फक्त सायकलपटू मोजायचं ठरलं होतं. फ्रेंच सरकारने ते लगेच उलटवलं. तीसच्या तीस मोजा, म्हणाले. बेल्जियमच्या लोट्टो-सूदाल संघाने तर निघण्याआधीच काही कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं होतं.

ताई यावर एकदम सरळ होऊन बसली. “बरोबर केलं सरकारने. सायकलवाला दिवसभर वाऱ्यात असतो. त्याला बाधा व्हायची ती सायकलवर नाही. मालिशच्या टेबलावर होईल, बसमध्ये होईल, जेवताना होईल. त्याच्या अंगाला हात लावणारा माणूस मोजायचा नाही, तर मग मोजायचं कोणाला?”

गेल्या आठवड्यात नेमकं हेच दिसलं होतं. पहिल्या विश्रांतीच्या दिवसाच्या चाचण्यांचे निकाल 8 सप्टेंबरला आले. एकही सायकलपटू पॉझिटिव्ह नाही. पण एजी2आर, कोफिदिस, इनिऑस आणि मिचेल्टन-स्कॉट या चार संघांतला प्रत्येकी एक कर्मचारी पॉझिटिव्ह. म्हणजे हे चारही संघ एका माणसाच्या अंतरावर उभे होते. बेर्नालच्या इनिऑसमध्ये आणखी एक मेकॅनिक किंवा ड्रायव्हर सापडला असता, तर गतविजेता डोंगरावर हरण्याआधीच विमानात बसला असता.

आणि आणखी एक पॉझिटिव्ह व्यक्ती? शर्यतीचे संचालक क्रिस्तियाँ प्रुदोम. ते संघांच्या बबलमध्ये नव्हतेच. त्यांचं काम म्हणजे पुढच्या लाल गाडीत पाहुणे बसवून फिरायचं. तीन दिवस आधी, पिरेनीजमधल्या आठव्या टप्प्यावर, त्यांच्या गाडीत होते पंतप्रधान जाँ कास्टेक्स. कास्टेक्स यांची चाचणी निगेटिव्ह आली, पण त्यांना विलगीकरणात जावं लागलं. प्रुदोम आठवडाभर बाजूला झाले. सगळी सुरक्षा सायकलपटूंभोवती उभारली आणि विषाणू शिरला तो आदरातिथ्याच्या गाडीतून, असं म्हणायला हरकत नाही.

हे लिहून काढेपर्यंत ऑक्टोबर अर्धा उलटला आहे, त्यामुळे पुढचंही इथेच सांगतो. इटलीतल्या जिरो शर्यतीत विश्रांतीच्या दिवसाच्या चाचण्यांचे निकाल 13 ऑक्टोबरला आले, त्यात मिचेल्टन-स्कॉटचे चार कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले आणि संघ बाहेर पडला. त्यांचा प्रमुख सायमन येट्स त्याआधीच पॉझिटिव्ह येऊन गेला होता. यम्बो-व्हिस्माचा स्टीव्हन क्रुइसवाइक पॉझिटिव्ह आला आणि तो संघही घरी. सनवेबचा मायकेल मॅथ्यूजही पॉझिटिव्ह आला. नियम जवळपास तेच, संघही तेच. माझ्या मते टूर वाचली ती थोडी शिस्तीने, थोडी सरकारच्या हट्टाने आणि बरीचशी सप्टेंबर महिन्यामुळे. ऑक्टोबरमध्ये बबलच्या बाहेर इतका विषाणू होता की आत न शिरता तर नवल.

हा सगळा धडा मुळात फेब्रुवारीतला. 27 तारखेला यूएई टूर या सायकल शर्यतीचे शेवटचे दोन टप्पे रद्द झाले आणि सायकलपटू अबुधाबीच्या हॉटेलात अडकले. कोलंबियाचा फर्नांडो गाविरिया तिथे आजारी पडला. मार्चमध्ये पॅरिस–नीस ही शर्यत एक दिवस आधीच गुंडाळली. मग थेट 28 जुलैपर्यंत, बुर्गोसच्या शर्यतीपर्यंत, मोठ्या स्पर्धा बंद.

चहा संपवून निघताना ताईने एकच तक्रार केली. टूरच्या चाचण्यांचे निकाल रातोरात येतात. आणि तिच्याकडे? देशात आठवड्याला दहा लाखांवर चाचण्या चालल्यात, बिनचिठ्ठीच्या, मोफत, आणि निकालाला कुठे चार दिवस, कुठे आठवडा. “आठवड्याने आलेला निकाल म्हणजे इतिहास,” ती म्हणाली. आदल्याच शुक्रवारी सरकारने विलगीकरण चौदाऐवजी सात दिवसांवर आणलं होतं. म्हणजे काही लोकांचा निकाल यायच्या आधी विलगीकरणच संपणार.

मंगळवार, 15 सप्टेंबर – ला तूर-दु-पँ

एकटाच, रेल्वेने. ल्यों–ग्रेनोबल मार्गावरचं छोटं गाव, आणि आज टूर इथून निघणार. कालचे निकाल सकाळी फुटले: सगळे निगेटिव्ह. स्टेशनबाहेर पेपरवाल्याच्या दुकानात दोघे जण हे एकमेकांना सांगत होते, घरात परीक्षेचा निकाल लागावा तसे.

टप्प्याची सुरुवात ही खरी तर चाहत्यांची जत्रा. संघांच्या बसभोवती गर्दी करायची, मेकॅनिक साखळ्या पुसताना बघायचं, कुणी बाहेर आला की सही, फोटो. यंदा बस उभ्या करायची जागा लोकांना बंद. सह्या आणि सेल्फी नकोत, असं आयोजकांनी आधीपासून बजावलेलं. कठड्यापासून बसपर्यंत चांगलं अंतर. आत पत्रकारांचीही तीच गत. लांब काठीला माइक बांधून दोन मीटरवरून प्रश्न विचारत होते. लांबून बघताना मासे धरायला बसल्यासारखे दिसत होते.

मंचावर खेळाडू मास्क लावून येत, हात हलवत आणि जात. मास्क उतरायचा तो अगदी निघताना. शेवटच्या रेघेपाशी मालिशवाले हातात नवे मास्क घेऊन उभे असतात. पाच तास धापा टाकून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं की मास्क, हा प्रश्न त्यांना रोज पडत असणार. विजेत्यांच्या मंचावरही बदल: पूर्वी दोन तरुणी जर्सी चढवत आणि गालाचे मुके घेत. आता एक स्त्री, एक पुरुष, दोघे दूर उभे, आणि जर्सी ज्याची त्याने घालायची. साथ गेल्यावर ती जुनी पद्धत परत आणली नाही तरी कुणाचं काही बिघडणार नाही, असं मला वाटतं.

माझ्या शेजारी एक बाई दोन मुलांना घेऊन उभ्या होत्या. धाकट्याकडे सहीसाठी आणलेली टोपी आणि पेन. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर आईने त्याला कठड्यावर धरून उभा केला. एका खेळाडूने वीस-पंचवीस फुटांवरून टोपीकडे बोट दाखवून अंगठा वर केला. मुलाला ते अजिबात पुरलं नाही.

प्रुदोम आज परत आले. लाल गाडीच्या छतातून अर्धे बाहेर येऊन शर्यतीला निशाण दाखवायला, तोंडावर मास्क. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे विलार-द-लांसला लेनार्ड केम्ना जिंकला, पण तोवर मी मोरिएन खोऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत होतो.

बुधवार, 16 सप्टेंबर – कोल द ला मादलेन

आज ग्रेनोबलहून कोल द ला लोझ, 170 किलोमीटर. शेवट 2,304 मीटरवर, यंदाच्या टूरचा माथा. अखेरचे काही किलोमीटर तर सायकलींसाठी नव्यानेच केलेला रस्ता, त्यात मध्येच वीस टक्क्यांवर चढ. तिथवर जायची माझ्या पायात धमक नाही. मी गाठला त्याआधीचा मादलेन. घाट 17.1 किलोमीटर, सरासरी 8.4 टक्के. ला शांब्रला उतरून सकाळी सातला चढायला लागलो आणि किती वाजता पोचलो ते कुणी विचारू नये.

गाड्यांना बंदी असल्याचा परिणाम पहिल्या वळणापासूनच जाणवत होता. एरवी घाटात रस्त्याकडेला कॅम्पर गाड्यांची भिंत असते. आज तिच्या जागी पाठपिशव्या आणि सायकली. ज्याला वर यायचं त्याने घाम गाळून यायचं. यामुळे गर्दी आपोआप निम्म्याने कमी झाली असावी, आणि जी आली ती वर पसरली. दारूही कमी, कारण ती पाठीवरून आणायची होती. सरकारी आदेशांत मला हा सगळ्यात शहाणा वाटला. लोकांना येऊ नका म्हणायचं नाही, फक्त यायला कष्ट पडतील असं करायचं. ग्राँ कोलोंबिएला पूर्ण बंदी घालून जे साधलं नाही ते इथे साधलं होतं.

तरी माणूस तो माणूसच. दुपारी हेलिकॉप्टरचा आवाज खोऱ्यातून वर यायला लागला तसा रस्ता अरुंद होत गेला. मास्क लावलेले बरेच होते, पण आरोळी ठोकायची तर मास्क खाली, आणि सायकलवाला नाकापासून हातभर अंतरावर असतानाच नेमकी आरोळी ठोकायची. एक जण झेंडा घेऊन पुढे असलेल्या सायकलपटूंच्या शेजारून धावला. पोलीस मोटारसायकलवरून काहीतरी ओरडला. सगळं पाच-सहा मिनिटांत संपलं. ज्यांच्या नाकात परवाच काडी घालून खात्री केली, त्यांच्या तोंडावर अनोळखी माणसं ओरडत होती.

ताईला फोनवर सांगितलं तर तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही. उघड्यावर, क्षणभर, वारा असताना, म्हणजे हिशेबात लहान धोका, ती म्हणाली. मग विचारलं, “तू कुठे राहिलायस? सहा पलंगांच्या खोलीत ना? मग त्या झेंडेवाल्याची काळजी नको करूस.” खरं होतं. गावातल्या स्वस्त निवाऱ्यात आम्ही अनोळखी लोक एका खोलीत, खिडकी बंद. खिडकी उघडली.

वर लोझवर मिगेल आंखेल लोपेझ जिंकला. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉनही आले होते. बेर्नाल सकाळी निघालाच नव्हता. रोग्लिचने पोगाचारवरची आघाडी 57 सेकंदांवर नेली, आणि निवाऱ्यातल्या सगळ्यांनी टूर संपली असं जाहीर करून टाकलं. अर्थात मीही.

गुरुवार-शुक्रवार, 17-18 सप्टेंबर

गुरुवारी पाय हलेनात. परतीच्या वाटेवर शांबेरीत एका बारमध्ये बसून बघितलं. टेबलाशी बसेपर्यंत मास्क, बसलं की नाही. विषाणूला टेबलाची उंची कळते, असं गृहीत धरलेला नियम. क्वियातकोव्स्की आणि कारापाझ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रेघ ओलांडून गेले. दोघेही इनिऑसचे, म्हणजे आठवड्यापूर्वी एका माणसाच्या अंतरावर असलेल्या संघाचे. शुक्रवारी शांपान्योलला पुन्हा क्राग आंडरसन. मी कपडे धुतले.

शनिवार, 19 सप्टेंबर – मेलिझे

ताई म्हणाली, एवढं केलंयस तर शेवट बघूनच ये. पहाटे निघालो. आज एकेकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवायची शर्यत, लूरपासून ला प्लांश दे बेल फीयच्या माथ्यापर्यंत 36.2 किलोमीटर. शेवटचा चढ 5.9 किलोमीटरचा. आम्ही थांबलो सपाटीवर मेलिझेत, कारण ते तिबो पिनोचं गाव.

फ्रान्सच्या या लाडक्या खेळाडूची टूर पहिल्याच दिवशी, नीसच्या पावसात पडून, जवळपास संपली होती. पण गावाने त्याला तसं वाटू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. भिंतींवर त्याचं नाव, रस्त्यावर त्याचं नाव, बकऱ्या पाळायची त्याची हौस म्हणून बकऱ्यांची चित्रंसुद्धा. तो आला तेव्हा जो आवाज झाला, तसा मी या आठवड्यात कुठेच ऐकला नव्हता, आणि तसा आवाज मास्कमधून निघत नाही. ताईसुद्धा टाळ्या वाजवत होती. नंतर म्हणाली, “हे कोणत्या नियमात बसवणार?”

तरी महामारीला मानवणारी शर्यत असेल तर ती ही. दर दीड-दोन मिनिटांनी एक माणूस, मागे एक गाडी. पेलोटॉन नाही, त्याची वाट बघत साचलेली गर्दी नाही. लोक येतात, दोन-चार खेळाडू बघतात, घरी जाऊन कॉफी पितात, परत येतात. सगळी टूरच अशी घेतली असती तर कदाचित सगळ्यांत सुरक्षित झाली असती, आणि तिसऱ्या दिवसापासून कुणी बघितली नसती.

त्याच वेळी अबुधाबीत आयपीएलची पहिली मॅच चालू होती, मुंबई विरुद्ध चेन्नई. फेब्रुवारीत जिथे सायकलपटू हॉटेलात अडकले त्याच शहरात, रिकाम्या स्टेडियममध्ये. मी एका फोनवर ती आणि ताईच्या फोनवर ही, असं बघत होतो. आयपीएलच्या मंडळींनी अख्खी स्पर्धाच देशाबाहेर उचलून नेली, मैदानाला कुलूप घातलं, आणि तरी ऑगस्टच्या शेवटी 13 जण पॉझिटिव्ह आलेच, त्यात दोन खेळाडू. इथे कुलूप लावायला दारच नाही, आणि तीन आठवड्यांत एकही सायकलपटू पॉझिटिव्ह नाही. यावरून कुणी काही मोठा सिद्धांत काढू नये. जिरोत काय झालं ते वर सांगितलंच आहे.

पोगाचार आमच्या समोरून गेला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. चांगला पळतोय, एवढंच. रोग्लिच त्याच्यामागून, सगळ्यांत शेवटी. मग फोनवर मधल्या वेळा यायला लागल्या आणि आसपासचे लोक हळूहळू आमच्या फोनभोवती जमले. ताई पाऊलभर मागे सरली, मग आणखी पाऊलभर, आणि शेवटी फोनच माझ्या हातात देऊन रस्त्यापलीकडे गेली. 57 सेकंदांची आघाडी चढ सुरू झाल्यावर विरघळली. रोग्लिच वर पोचला तेव्हा हेल्मेट वाकडं झालेलं, चेहरा पांढरा. पोगाचारने त्याच्यापेक्षा 1 मिनिट 56 सेकंद कमी घेतले होते. येलो जर्सी 59 सेकंदांनी त्याची.

“काय झालं?” ताईने रस्त्यापलीकडून विचारलं. मी ओरडून सांगितलं. तिला पहिल्यांदाच सायकलिंगमध्ये काहीतरी घडल्यासारखं वाटलं असावं, कारण परतीच्या वाटेवर तीनेक तास ती फक्त प्रश्न विचारत होती. मुंबई हरली, पाच विकेटनी, ते गाडीत कळलं.

रविवार, 20 सप्टेंबर आणि पुढे

पॅरिसला गेलो नाही. शाँज-एलिझेवर पाच हजार लोकांनाच प्रवेश, आणि मला आता घर हवं होतं. सॅम बेनेटने शेवटची धाव जिंकली. मंचावर पोगाचार, रोग्लिच आणि रिची पोर्ट. दुसऱ्या दिवशी पोगाचार बावीसचा होणार होता.

ताईने मेसेज केला: मॅडम आता तुला चाचणीशिवाय घरात घेणार नाहीत. मॅडम म्हणजे तीच. सोमवारी सकाळी एका केंद्रासमोर रांगेत उभा राहिलो. रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या गल्लीत गेलेली. पुढच्या माणसाने टूरची टोपी घातली होती. त्याला विचारलं, कुठे होतात? म्हणाला, “मेरिबेलला, लोझच्या घाटात. तुम्ही?” मग दोन तास रोग्लिचचं काय चुकलं यावर चर्चा, दोन मीटरवरून, नंतर दीड, नंतर एक.

माझा निकाल शुक्रवारी आला. निगेटिव्ह. ताईने तारीख बघितली आणि म्हणाली, सोमवारी निगेटिव्ह होतास, एवढंच कळलं. आज काय, ते विचारू नकोस. तोवर मी दोनदा तिच्याकडे जेवून आलो होतो.